जुन्या सोसायटीतला फ्लॅट: किंमत किती फ्लॅटची आणि किती रिडेव्हलपमेंटच्या आशेची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला 1988 सालच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरचा टू बीएचके बघितला आहे. मालक 98 लाख सांगतोय. एजंट म्हणतो, "दोन वर्षांत बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे, आज महाग वाटेल पण नंतर सोनं होईल." एजंटच्या हिशेबाने क्षेत्रफळ 780 चौरस फूट, तुम्ही टेपने मोजलं तेव्हा आतून 580 भरलं. त्याच गल्लीत जुन्या इमारतींतले दोन व्यवहार कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवर, साधारण 13,800 रुपये फुटाने झाल्याचं तुम्हाला कळलंय, आणि नव्या इमारतींत 17,000 चा भाव आहे. घ्यावा का, आणि किती द्यावेत, हे तुम्हाला हवंय.

मी बँकांसाठी आणि खासगी ग्राहकांसाठी घरांचं मूल्यांकन करतो, वीस वर्षांहून अधिक काळ, बहुतेक पुण्यात. माझ्या मते तुमच्यापुढे एक नाही, दोन खरेद्या आहेत. एक फ्लॅट, जो आज आहे, ज्यात उद्या राहायला जाता येईल किंवा भाड्याने देता येईल. दुसरी खरेदी आशेची. दोन्ही एकाच आकड्यात गुंडाळून तुमच्यासमोर ठेवल्या आहेत. त्या आधी सुट्या करा.

आजच्या फ्लॅटची किंमत काढणं तुलनेने सोपं आहे. 580 ला 13,800 ने गुणलं की 80 लाख येतात. म्हणजे मागितलेल्या 98 लाखांपैकी 18 लाख आशेचे आहेत. पण 13,800 हा आकडा कुठून आला ते मला तुम्ही सांगितलेलं नाही. ऐकीव असेल तर त्यावर थांबू नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या सर्व्हे नंबरवरचे मागच्या दोन-तीन वर्षांचे दस्त शोधा आणि प्रत्येकाची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, उघडून बघा. त्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन वेगळे रकाने असतात. मोबदला म्हणजे खरेदीदाराने दिलेली रक्कम, बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरने काढलेलं सरकारी मूल्य. आपल्याला मोबदला हवा. त्याखालच्या क्षेत्रफळाच्या रकान्यात कार्पेट लिहिलंय की बिल्टअप (म्हणजे भिंती धरून), हे शब्दशः वाचा. एका दस्तात 65 चौरस मीटर बिल्टअप आणि शेजारच्या दस्तात 54 चौरस मीटर कार्पेट असेल, आणि दोन्ही एकाच मापाचे समजून भाव काढला, तर हिशेब तिथेच फसतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या वादांचं मूळ या एका शब्दात असतं.

दोन व्यवहारांवरून भाव ठरवू नका, निदान चार-पाच मिळवा. त्यातला एखादा भाऊ-भावात किंवा बाप-लेकीत झालेला असतो, तो वगळा. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. शेजारच्या जुन्या इमारतींचे व्यवहारसुद्धा आशेवरच झालेले असू शकतात. त्या सोसायट्यांमध्ये बिल्डरशी बोलणी चालू असतील, तर 13,800 मध्येही थोडी रिडेव्हलपमेंट मिसळलेली आहे. म्हणून मी एक उलटतपासणी नेहमी करतो: हाच फ्लॅट भाड्याने दिला तर वर्षाला किती येईल, आणि जवळच्याच, रिडेव्हलपमेंटचं नाव नसलेल्या पंधरा-वीस वर्षांच्या इमारतीत तेवढंच भाडं देणारा फ्लॅट कितीला मिळतो? जुन्या इमारतीतला फ्लॅट भाड्याच्या हिशेबाने बराच महाग निघाला, तर जास्तीचा पैसा आशेचा.

आता ती आशा. चढवलेल्या भावाचं समर्थन जमिनीत शोधायला हवं. पुनर्विकासात फ्लॅटपेक्षा प्लॉट महत्त्वाचा. प्लॉटवर आणखी किती बांधता येतं आणि त्यातलं सभासदांना देऊन विकासकाच्या हातात किती उरतं, या दोन आकड्यांवर सगळं ठरतं. त्याला विकायला काही उरणार नसेल, तर तो येणार नाही. आला तरी मध्येच सोडून जाईल.

पुण्यात हा हिशेब रस्त्याच्या रुंदीपासून सुरू होतो. राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, डिसेंबर 2020 पासून लागू झाली. दाट वस्तीबाहेरच्या निवासी भागासाठी तिच्यातला मूळ तक्ता असा: 9 मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) 1.10, त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही आणि टीडीआरही (दुसऱ्या जमिनीवरचा, विकत घेऊन इथे वापरायचा बांधकामाचा हक्क) नाही. रस्ता 9 मीटर झाला की प्रीमियम 0.50 आणि टीडीआर 0.40 मिळून एकूण 2.00. रस्ता 12 मीटरचा असेल तर 2.25, 15 मीटरला 2.50. तक्त्यात दुरुस्त्या होत असतात, जुन्या इमारतींसाठी प्रोत्साहनाचा वेगळा नियमही आहे, त्यामुळे आजचा मजकूर वास्तुविशारदाकडून तपासून घ्या. पण 9 मीटरच्या अलीकडे आणि पलीकडे किती अंतर पडतं, ते समजण्यासाठी एवढं पुरेसं आहे.

उदाहरण घेऊ. प्लॉट 1,000 चौरस मीटर, जुनं बांधकाम 1,000 चौरस मीटर, वीस फ्लॅट. सभासदांना वीस टक्के वाढीव जागा द्यायची ठरली तर त्यांनाच 1,200 लागतात. रस्ता 9 मीटरचा असेल तर एकूण 2,000 मिळतात आणि विकासकाला 800 उरतात. त्यावर तो विचार करेल. रस्ता साडेसात मीटरचा असेल तर एकूण 1,100, म्हणजे सभासदांचंसुद्धा भागत नाही. आता तिसरी शक्यता. प्लॉट तेवढाच, रस्ता 9 मीटरचाच, पण मूळ बिल्डरने तेव्हाच टीडीआर वापरून 1,600 बांधलेले आहेत. सभासदांना 1,920 द्यावे लागतील आणि उरतील 80. बाहेरून या तिन्ही इमारती सारख्याच जुन्या दिसतात, एजंटच्या तोंडी तिन्ही रिडेव्हलपमेंटला निघालेल्या असतात. (या आकड्यांवर अनुषंगिक एफएसआय वेगळा मिळतो. पण तो प्रीमियम भरून घ्यावा लागतो, आणि पूर्वी मोजणीबाहेर असलेल्या बाल्कन्या, जिने आता धरावे लागत असल्याने बराचसा त्यातच खपतो.)

रस्ता मोजायला मी स्वतः जातो. माझ्या सुरुवातीच्या काळातली एक चूक त्यामागे आहे. एका सोसायटीतल्या फ्लॅटचा अहवाल करताना रस्त्याची रुंदी मी सोसायटीच्या सचिवांच्या सांगण्यावरून लिहिली, "नऊ मीटरचा आहे हो." फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबाने माझा अहवाल वाचूनच वरचे पैसे मोजले. पुढे वास्तुविशारदाने मोजणी केली तेव्हा समोरासमोरच्या कंपाउंड भिंतींमधलं अंतर 7.40 मीटर निघालं आणि मंजूर नकाशात साडेसात. विकासक परत फिरला. ते कुटुंब अजून त्याच फ्लॅटमध्ये राहतं आणि त्या गल्लीतून जाताना मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून टेप माझ्या पिशवीत असते. तुम्हीही पंधरा मीटरची टेप घ्या, बरोबर कुणाला तरी न्या, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत तीन ठिकाणी मोजा: गल्लीच्या तोंडाशी, सोसायटीसमोर आणि सर्वांत चिंचोळ्या जागी. ही मोजणी कायदेशीर पुरावा नव्हे. ग्राह्य धरतात ती मंजूर ले-आउटमधली, विकास आराखड्यातली किंवा महापालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली ठरवलेल्या रस्ता रेषेची रुंदी. पण तुमची टेप 7.40 दाखवत असेल, तर पुढचा प्रश्न काय विचारायचा ते कळतं. रस्ता रेषा ठरवून रुंदीकरण झालंय का, आणि झालं असेल तर सोसायटीच्या प्लॉटमधून किती जागा जाणार आहे?

प्लॉटबाबत आणखी काही गोष्टी झोन दाखल्यात आणि विकास आराखड्याच्या नकाशात दिसतात. आरक्षण किंवा आराखड्यातला रस्ता प्लॉटवरून जातो का, हे पहिलं. नदी-ओढ्याजवळ असाल तर पूररेषा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि निळ्या रेषेच्या आतल्या प्लॉटला नव्या बांधकामाचं स्वप्न दाखवलं जात असेल तर फार जपून. विमानतळ किंवा लष्करी आस्थापनांजवळ उंचीची मर्यादा येते. तुमच्या प्लॉटला लागू नाही, पण पेठांमध्ये बघत असाल तर लक्षात ठेवा: शनिवारवाड्यासारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती पहिले 100 मीटर प्रतिबंधित क्षेत्र असतं आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित.

यानंतर मालकी. जमीन कुणाच्या नावावर आहे? 1963 च्या मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीविषयीच्या राज्याच्या कायद्याने बिल्डरने सोसायटी स्थापन झाल्यावर जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, करून द्यायचं असतं. किती सोसायट्यांमध्ये तीस-चाळीस वर्षं झाली तरी ते झालेलं नसतं! मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा काढा. त्यावर सोसायटीचं नाव असेल तर उत्तम. मूळ जमीनमालक किंवा बिल्डरच असेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून ते मिळतं, अशक्य नाही, पण वेळ जातो. मूळ मालकाचे वारस हरकती घेतात, क्षेत्राचा मेळ बसत नाही, एकाच सर्व्हे नंबरवर तीन इमारती असतील तर कुणाच्या वाट्याला किती जमीन यावर घोडं अडतं. तुमच्या बाबतीत माझा सल्ला स्पष्ट आहे: कन्व्हेयन्स झालेलं नसेल तर दोन वर्षांचा हिशेब विसरा.

नंतर सभासदांची तयारी. "बिल्डर फायनल झालाय" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कोणत्या टप्प्यावर आहात? पुनर्विकासासाठी शासनाने सहकार कायद्याच्या कलम 79-अ खाली कार्यपद्धती घालून दिली आहे, आधी 3 जानेवारी 2009 ला आणि मग सुधारून 4 जुलै 2019 ला. विशेष सर्वसाधारण सभा, वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागाराची नेमणूक, व्यवहार्यता अहवाल, निविदा, मग निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर सभा घेऊन एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांच्या संमतीने विकासकाची निवड, त्यानंतर विकसन करारनामा. प्रत्येक टप्प्याचा कागद असतो. कागद नसेल तर तो टप्पा झालेला नाही असंच समजा.

विकणाऱ्या सभासदाला सांगून सोसायटीच्या मागच्या तीन-चार वर्षांच्या सभांची इतिवृत्तं वाचायला मागा. एवढ्यावरून सोसायटीचा स्वभाव कळतो. मागच्या वर्षी एका ग्राहकासाठी मी असं इतिवृत्ताचं रजिस्टर चाळलं होतं. 'पुनर्विकासाबाबत चर्चा करणे' हा विषय ओळीने तीन वर्षं कार्यक्रमपत्रिकेवर होता आणि तिन्ही वेळा खाली एकच ठराव: 'सदर विषय पुढील सभेत घेण्यात यावा.' तिसऱ्या वर्षी सभेला सही करणारे अकराजण, सभासद बत्तीस. तिथे कुणाचा विरोध नव्हता, पण पुढाकारही कुणाचा नव्हता. दुसरीकडे, व्यवहार्यता अहवाल हातात असलेली, दर महिन्याला बैठक घेणारी बारा घरांची सोसायटी पाहिली की मी आशेला जास्त भाव देतो. तळमजल्यावर दुकानं आहेत का, तेही बघा. दुकानदाराला दोन-तीन वर्षं धंदा हलवणं परवडत नाही आणि त्याच्या अटी वेगळ्या असतात. कोर्टात काही चालू आहे का, हे सचिवांना थेट विचारा.

फ्लॅटच्या कागदांबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण ते तुमच्या वकिलाचं काम आहे: 1988 पासूनच्या करारांची अखंड साखळी, भोगवटा पत्र, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला. मूल्याशी संबंधित एक मुद्दा मात्र माझा. तुम्ही मोजलेल्या 580 फुटांत बंद केलेली बाल्कनी धरली आहे का? पुनर्विकासात वाढीव जागा बहुधा मंजूर नकाशातल्या किंवा करारातल्या क्षेत्रावर देतात, तुम्ही काचा लावून आत घेतलेल्या जागेवर नाही. मंजूर कार्पेट 530 निघालं तर वीस टक्केही 530 चेच. आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट करावं, असं आदर्श उपविधींत आहे. दुरुस्तीला मोठी वर्गणी निघणार असेल, तर तीही किमतीतून वजा करा.

आता आशेची किंमत. तुमच्याच प्रश्नातले आकडे घेतो. सगळं मनासारखं झालं तर 580 चे वीस टक्के वाढून 696 फूट, नव्या भावाने 1 कोटी 18 लाख. आजच्या 80 लाखांपेक्षा 38 लाख जास्त. करार व्हायला आणि ताबा मिळायला सहा वर्षं धरा. एजंटची दोन वर्षं धरू नका, पाडकाम सुरू झाल्यावर बांधायलाच तीन वर्षं सहज जातात. सहा वर्षांनंतरच्या 38 लाखांची आजची किंमत आठ टक्क्यांनी काढली तर साधारण 24 लाख येते. हे घडण्याची शक्यता निम्मी धरली तर 12 लाख. भाववाढ मी मुद्दाम धरलेली नाही, कारण जुन्या फ्लॅटचाही भाव वाढणारच आहे आणि मला सावध बाजूने राहायचं असतं. म्हणजे आशेचे 12 लाख पटतात, 18 पटत नाहीत. शक्यता निम्मी का? कारण तुमच्याकडे अजून एकही कागद नाही. रस्ता 9 मीटरचा आणि कन्व्हेयन्स झालेलं निघालं, व्यवहार्यता अहवाल तयार असला, तर मी तीन चतुर्थांश धरेन आणि 18 लाख रास्त म्हणेन. रस्ता साडेसातचा निघाला, तर जवळपास शून्य.

आणखी एक व्यावहारिक बाब, जी अगदी शेवटी कळते आणि मग धावपळ होते. बँक आशेवर कर्ज देत नाही. बँकेचा मूल्यांकनकार 80 लाख लिहील आणि 30 ते 75 लाखांच्या कर्जाला मूल्याच्या 80 टक्क्यांची मर्यादा असते. म्हणजे 64 लाख मिळतील. 98 लाखांत व्यवहार झाला तर 34 लाख तुमचे. पुण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के (खरेदीदार फक्त महिला असेल तर एक टक्का सवलत) आणि नोंदणी फी 30,000, मिळून सात लाखांच्या वर. एकूण 41 लाख हातात लागतील. ज्यांनी 98 च्या हिशेबाने 75 लाख कर्ज गृहीत धरून इसार देऊन टाकला, अशा लोकांची ओढाताण मी जवळून पाहिली आहे. म्हणून इसार देण्यापूर्वी स्वतःच्या खर्चाने मूल्यांकन करून घ्या, किंवा इसारपावतीत लिहून घ्या की ठरलेलं कर्ज मंजूर झालं नाही तर रक्कम परत मिळेल.

तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात तीनच कामं केली असती: रस्ता मोजणं, मिळकत पत्रिका काढणं आणि इतिवृत्तं वाचणं. तिन्हींना मिळून दोन-तीन दिवस आणि अगदी किरकोळ खर्च. तोवर आकडा बोलूच नका. त्यानंतर घर तुम्हाला राहण्यासाठी म्हणून आवडलं असेल तर 83 लाखांपासून बोलणी सुरू करा आणि कागद कच्चे असतील तर 90 ते 92 च्या वर जाऊ नका. रस्ता अरुंद असेल तर 80 ला थांबा. मालक ऐकला नाही तर सोडून द्या, त्या भागात 1985 ते 1995 च्या दरम्यानच्या इमारती भरपूर आहेत. रस्त्याची रुंदी आणि मिळकत पत्रिकेवरचं नाव कळलं की मला लिहा, त्या आकड्यांवर हिशेब पुन्हा मांडून देतो.